केस सतरा

८ जानेवारी

नापास. दुसऱ्यांदा. लेखी परीक्षेत वरून विसावी आले, आणि प्रात्यक्षिकात खालून कितवी ते मंडळाने सौजन्य म्हणून कळवलेलं नाही. पत्रात मोठ्या अक्षरात एकच ओळ आहे: 'रुग्णाशी संवाद: असमाधानकारक.' खाली बारीक अक्षरात दोन सूचना. उमेदवाराने सरावाची तारीखवार नोंद ठेवावी. आणि तिसरी संधी एप्रिलमध्ये, ती शेवटची. तेव्हाही गाडं अडलं तर आत्ताचा तात्पुरता परवानाही जाईल, म्हणजे सहा वर्षं शिकून मी कुणाचा साधा ताप बघायलाही मोकळी नसेन.

म्हणून ही वही. आईची मापांची जुनी वही आहे. पहिली बारा पानं गिऱ्हाइकांच्या मापांनी भरलेली, पुढची कोरी. पानावर रकाने छापलेले आहेत: गळा, खांदा, छाती, कंबर. मी त्यांच्यावरूनच लिहिते आहे.

आईला निकाल सांगितला तेव्हा ती मशीनवर होती. तिचा पाय थांबला नाही.

"मग आता काय?"

"आता परत."

"बरं. जेवून घे आधी."

शाळेचे चाळीस गणवेश शुक्रवारी द्यायचेत, म्हणून असेल. नाहीतर ती रडली असती असं मला वाटतं.

९ जानेवारी

संवाद शिकायचा कुणाकडून? आमच्या वॉर्डात चाळीस खाटा आणि एक मोठे डॉक्टर. त्यांची फेरी अकरा मिनिटांची. मी खरंच घड्याळ लावून मोजलंय. ते पुढे, आम्ही सहाजण मागे. दीड वर्षं मी त्यांची पाठ बघून वैद्यकी शिकते आहे. पाठ चांगली आहे, ताठ आहे, पण ती रुग्णाशी काय बोलते ते मागे ऐकू येत नाही.

आज धीर करून विचारलं, "सर, प्रात्यक्षिकासाठी काही मार्गदर्शन..."

"नेटवर सगळं असतं हल्ली," असं म्हणून ते लिफ्टमध्ये शिरले.

१४ जानेवारी

नेटवर खरंच सगळं असतं. पाच दिवसांत एकतीस व्हिडिओ बघितले. पोट कसं तपासायचं, छातीतले आवाज कसे ओळखायचे, सगळं फुकट आणि आमच्या कॉलेजपेक्षा बरं. पण व्हिडिओतल्या डॉक्टरीणबाई मी चुकले तरी गोडच हसतात. मला चूक दाखवणारं कुणीतरी हवं आहे.

एका व्हिडिओखाली कुणीतरी लिहिलं होतं: 'प्रात्यक्षिकात नापास झालेल्यांचा सराव-गट. लाज बाहेर ठेवून यावे.' गेले.

१६ जानेवारी

गटात आम्ही पाच. दोघं आठवड्यातून एकदा उगवतात, त्यांना धरत नाही. रोजचे तिघं. एक मुलगा वेळ मोजतो आणि गुण देतो. आठ मिनिटं म्हणजे आठ मिनिटं, वाक्य अर्धं असलं तरी घंटा वाजवतो. त्याला सगळे 'घड्याळ' म्हणतात. दुसरे 'आजोबा'. वय फक्त बावन्न, पण आमच्यात म्हातारे. दुसऱ्या देशात चोवीस वर्षं स्वतःचा दवाखाना चालवला. इथे आले तर इथला परवाना नाही, म्हणून आमच्यासारख्या पोरांच्या रांगेत. परवाना मिळेपर्यंत बायको गोदामात पार्सलं भरते. मला दोन दिवसांत नाव पडलं, 'सुसाट'. मी प्रश्न फार वेगात विचारते म्हणे.

वेळ सकाळी साडेसहा, ड्युटीच्या आधी, व्हिडिओ कॉलवर. परीक्षेसारखंच करायचं. एकाने रुग्ण व्हायचं, एकाने डॉक्टर, तिसऱ्याने गुण. केसेसचा एक साठा गटाने मिळून लिहिलाय. नियम एकच आहे आणि तो कडक आहे: केसचा कागद फक्त रुग्ण होणाऱ्याने उघडायचा. बाकीच्यांनी साठ्यात डोकावायचं नाही. डोकावलं तर सरावाला काय अर्थ? मला नियम पटला. चोरून पास व्हायचं असतं तर दोनदा नापास कशाला झाले असते?

१९ जानेवारी

आजोबा रुग्ण, मी डॉक्टर. केस सतरा.

बावन्न वर्षांचा पुरुष. घास अडकतो. कुठे? छातीच्या हाडामागे, बोट ठेवून दाखवलं. कधीपासून? दीड महिना. काय अडकतं? कोरडा पाव, मांस. पातळ नीट जातं. पाण्याचा घोट घेतला की उतरतं. घरी सांगितलंय? नाही. तंबाखू? वीस वर्षं, आता सोडली.

वीसपैकी तेरा. घड्याळने गुणांची यादी, जी सगळ्या केसेसना एकच आहे, वाचून दाखवली. नाव सांगितलं नाहीस, एका दमात तीन प्रश्न विचारलेस, आणि यादीतला शेवटचा मुद्दा गाळलास: 'आणखी काही सांगायचं राहिलं आहे का, हे विचारले.' त्या प्रश्नापर्यंत पोचले तर विचारीन ना! आठ मिनिटांत माणसाचा आजार काढायचा की त्याची कीर्तनं ऐकायची?

आजोबा मात्र अभिनय झकास करतात. आवंढा गिळताना थांबतात, डोळे मिटतात. मी म्हटलं, नाटकात गेला असतात तर परवान्याची भानगड नव्हती. खूप हसले.

२ फेब्रुवारी

परत केस सतरा. मी कुरकुरले. "आजोबा, साठ्यात दुसऱ्या केसेस नाहीत का? छातीत दुखणं घ्या, चक्कर घ्या."

"तुला जमेपर्यंत हीच. एकच माणूस दहादा तपासला की डॉक्टर तयार होतो. दहा माणसं एकेकदा तपासून नुसता गोंधळ होतो."

पटलं. दवाखान्याची चोवीस वर्षं बोलत होती.

या खेपेला आजार पुढे सरकलाय. मऊ भातसुद्धा चावून चावून खावा लागतो. वजन? मोजलं नाही, पण पट्ट्याला नवं भोक पाडलं. सोळा गुण. शेवटचा प्रश्न पुन्हा राहिला. घंटा झाली तेव्हा मी पट्ट्यावरच होते.

साडेसहाला आम्ही सगळेच कॅमेऱ्यासमोर नाश्ता करतो. घड्याळ उकडलेली अंडी हाणतो, मी पाव. आजोबांचा एकच मोठा मग. मी विचारलं, "डाएट का?" म्हणाले, "म्हातारपणी चावायचा कंटाळा."

९ फेब्रुवारी

आई गणवेशाची बटणं लावत माझ्या मागे बसली होती. सराव संपल्यावर म्हणाली, "हे गृहस्थ कोण?"

"आजोबा. डॉक्टर आहेत."

"त्यांचा शर्ट त्यांचा नाही."

"म्हणजे?"

"दुसऱ्याचा घातलाय. खांद्याची शिवण दंडावर आलीय. गळ्यात दोन बोटं जावीत, तिथे चार जातील. नाहीतर मग त्यांचाच आहे, आणि..." तिने दाताने दोरा तोडला. "आजारी आहेत का गं?"

मी म्हटलं, अगं, ते रुग्णाचं काम करतात, म्हणून ढगळ शर्ट घालत असतील. फार मन लावून करतात. आईने पुढचं बटण उचललं. तिला सगळं जग मापात दिसतं.

२० फेब्रुवारी

हे लिहून ठेवायलाच हवं, कारण असे दिवस थोडे.

आजोबांनी मागच्या आठवड्यात एक युक्ती सांगितली होती. "खुर्ची ओढ आणि बस. उभ्या डॉक्टरला माणूस आजार सांगतो, बसलेल्याला गोष्ट सांगतो. आणि त्याने बोलणं थांबवलं की तू लगेच तोंड उघडू नकोस. मनात पाच आकडे मोज."

आज अकरा नंबरच्या खाटेवरच्या बाईंपाशी बसले. साखर आटोक्यात येत नाही म्हणून तीनदा दाखल झालेल्या. औषध वेळेवर घेता का? हो. मग मी मोजायला लागले. एक, दोन, तीन. चारावर त्या म्हणाल्या, "सुई टोचायला दिसत नाही मला. अंदाजाने टोचते." तीनदा दाखल झाल्या, कुणालाच माहीत नव्हतं! डोळ्यांच्या डॉक्टरांकडे चिठ्ठी दिली.

मोठे डॉक्टर आले. "बसायला वेळ मिळतो वाटतं तुम्हाला?" मी उठले. पण मला काही वाटलं नाही. खरंच नाही.

आजोबांना कळवलं. त्यांचं उत्तर: 'आता तू डॉक्टर झालीस. परवाना हा नुसता कागद.' दिवसभर तेच वाचत होते.

४ मार्च

वाईट बातमी सांगण्याचा सराव. परीक्षेत ही खोली हमखास असते आणि मागच्या दोन्ही वेळा मी तिथेच आपटले होते. आजोबा म्हणाले, केस सतराच घेऊ, दुर्बिणीतून तपासणी झाली आहे असं धर, निदान सांग.

त्यांचा आवाज बसलाय. सर्दी म्हणाले.

मी व्हिडिओत दाखवतात तसं पायरीपायरीने केलं. बसले. तुम्हाला काय वाटतंय आधी सांगा, असं विचारलं. ते म्हणाले, "मला माहीत आहे. फक्त कुणीतरी म्हणायला हवं." मी थांबले आणि सांगितलं. अन्ननलिकेत गाठ आहे, कर्करोगाची आहे.

ते इतका वेळ गप्प होते की घड्याळला वाटलं लाईन गेली. मी पाचऐवजी वीस मोजले. मग म्हणाले, "बायकोला कसं सांगू? तिने माझ्या भरवशावर घर सोडलं." मी म्हटलं, आपण दोघं मिळून सांगू. मग म्हणाले, "दीड महिन्यापूर्वी आलो असतो, तर?"

हे यादीत नव्हतं. पण खोटं सांगायचं नाही, हे मी व्हिडिओतच शिकले होते. म्हटलं, "तर उपचार सोपा झाला असता. पण तुम्ही आज आलात, हेही काही कमी नाही." आणि घंटा झाली.

एकोणीस! घड्याळ म्हणाला, गटातले आजवरचे सगळ्यात जास्त. एक गुण कापला तो त्याच प्रश्नाचा. मी चिडून म्हटलं, आजोबा, तुम्हीच सांगा याला, इतकं सगळं झाल्यावर माणसाकडे सांगायला उरतं तरी काय?

ते म्हणाले, "असतं गं. विचारून बघ एकदा." आणि कॅमेरा बंद केला. थकले असावेत, बावन्न म्हणजे काही कमी नाही.

१५ मार्च

आजोबा दहा दिवसांत दोनदाच आले, तेही कॅमेरा बंद ठेवून. केस सतरा: आता पाणीसुद्धा हळूहळू. मला अठरा. त्यांचं लक्ष नव्हतं, उत्तरं तुटक. परीक्षा तीन आठवड्यांवर आणि यांनी ऐन वेळी हात आखडता घ्यावा, याचा मला राग आला. घड्याळलाही म्हटलं. तो म्हणाला, त्यांनी फॉर्मच भरलेला नाही या वेळी.

मग आमच्याबरोबर रोज साडेसहाला उठत कशासाठी होते?

२९ मार्च

आजोबा नाहीत. निरोप टाकला, 'केस सतरावर एकदा शेवटचा हात फिरवू या ना.' दिवसभराने उत्तर आलं: 'तुला आता गरज नाही. खुर्ची विसरू नकोस.'

गरज नाही ते मी ठरवीन की! असो.

६ एप्रिल

परीक्षा झाली. बारा खोल्या, प्रत्येकीत रुग्णाचं काम करणारा एक माणूस, कोपऱ्यात एक परीक्षक. 

नवव्या खोलीत साठीच्या एक बाई, पायाला सूज. सगळं विचारून झालं आणि पहिल्यांदाच माझ्याकडे वेळ उरला. भिंतीवर चाळीस सेकंद दिसत होते. मी म्हटलं, "आणखी काही सांगायचं राहिलंय का?" बाईंचा चेहरा एकदम बदलला. म्हणाल्या, "मुलाने घर सोडायला सांगितलंय. म्हणून औषधं संपली तरी कुणाला बोलले नाही." हे वाक्य त्यांना पाठ करून दिलेलं होतं, आणि तो प्रश्न विचारल्याशिवाय ते बाहेर पडणार नव्हतं. परीक्षक बाईंनी मान खाली घालून काहीतरी लिहिलं.

बाहेर येऊन पहिला फोन आजोबांना. बंद. दुसरा आईला.

८ एप्रिल



गटात आज एक नवीन मुलगी आली, पहिल्यांदा नापास झालेली. घड्याळ म्हणाला, आता सुसाट रुग्ण होईल. मी म्हटलं, हिला केस सतरा देते, मला ती तोंडपाठ आहे. तरी कागद समोर असावा म्हणून साठा उघडला. पहिल्यांदाच. आजवर नियम पाळला होता ना मी.

साठ्यात सोळा केसेस आहेत.

घड्याळला विचारलं. तो म्हणाला, "सोळाच होत्या. मला वाटलं सतरावी त्यांनी स्वतः लिहिली असेल. चोवीस वर्षांचा अनुभव आहे."

मी ही वही पहिल्यापासून वाचली.  कोरडा पाव, मग भात, मग पाणी. पट्ट्याचं नवं भोक, नाश्त्याचा तो एकच मोठा मग. बसलेला आवाज. माझ्या हाताने, तारीख घालून, गुणांसकट. बावन्न वर्षांचा पुरुष! त्यांनी वयसुद्धा बदललं नव्हतं. मी एकोणीस गुणांसाठी नाचले, आणि त्यांना म्हटलं की दीड महिन्यापूर्वी आला असतात तर सोपं झालं असतं. त्याच्या दीड महिना आधी ते माझ्याकडेच आले होते.

आईला सांगितलं. मशीन थांबली. ती म्हणाली, "मी म्हटलं होतं." मग लगेच म्हणाली, "तसं नाही गं, बाळा." पण ती म्हणालीच होती.

९ एप्रिल

फोन लागला. त्यांच्या पत्नीने उचलला. पाच दिवसांपासून इस्पितळात आहेत, पाण्याचा घोटही उलटायला लागला तेव्हा शेजाऱ्याने गाडीतून नेलं.

"तुम्ही सुसाट का?" त्यांनी विचारलं. "तुमच्याबद्दल फार सांगायचे. सकाळचा एवढाच वेळ ते खुशीत असायचे." मग म्हणाल्या, "इथले डॉक्टर सारखे विचारतात, कधीपासून. मी म्हणते, पंधरा दिवस. मला तेवढंच सांगितलं त्यांनी. आणि ते काही बोलतच नाहीत. खरंच पंधरा दिवस आहेत का हो?"

मी म्हटलं, नाही वहिनी. माझ्याकडे तारखा आहेत.

वहीतून उतरवून पाठवलं. डिसेंबरची सुरुवात: कोरडा घास अडकतो. २ फेब्रुवारी: मऊ अन्नही अडकतं, वजन घटलं. ४ मार्च: आवाज बसला. १५ मार्च: पाणी हळूहळू. आयुष्यात इतकी नेमकी हकीकत मी कुणाची लिहिलेली नाही. तिथल्या डॉक्टरांनी वहिनींना विचारलं म्हणे, ही कुणी घेतली, चांगली घेतली आहे. वहिनींनी ते मला कौतुकाने कळवलं. मी बाथरूममध्ये नळ सोडून रडले.

१८ एप्रिल

निकाल. उत्तीर्ण. 'रुग्णाशी संवाद: उत्कृष्ट.'

आईने पत्र दोनदा वाचलं आणि कात्रीखाली ठेवलं. आम्ही कुणाला सांगितलं नाही अजून.

त्यांच्या तपासण्यांचा निकालही आजच. शस्त्रक्रिया होणार नाही. नळीतून अन्न देतील आणि दुखणं कमी ठेवतील. वहिनी एवढंच म्हणाल्या.

२१ एप्रिल

बसने चार तास. आईने दोन दिवस बसून त्यांच्यासाठी शर्ट शिवला, पुढून पूर्ण उघडणारा, म्हणजे नळी असली तरी घालता येईल. माप कुठून घेतलं विचारलं तर म्हणाली, "पडद्यावर बघितले होते ना. त्यातून थोडं कमी धरलं."

खोलीत खिडकीशी ते होते. मी त्यांना फक्त खांद्यापासून वर बघितलेलं, त्यामुळे आधी मी पायच बघत राहिले. चादरीखाली पाय आहेत असं वाटत नव्हतं. वहिनी कामावर गेल्या होत्या. शर्ट अंगावर धरून बघितला. आईने कमी धरूनही तो मोठा झाला.

"पास?" त्यांनी विचारलं. आवाज नाहीच, नुसती हवा.

"पास."

त्यांनी हात वर केला, माझ्या डोक्यापर्यंत पोचेना म्हणून मी वाकले.

वाटेत मी पुष्कळ काही ठरवलं होतं. माफी मागायची, का सांगितलं नाहीत म्हणून भांडायचं. त्याऐवजी मी कोपऱ्यातली खुर्ची ओढली आणि बसले.

"आजोबा, आणखी काही सांगायचं राहिलंय का?"

ते माझ्याकडे बघत राहिले. मी आकडे मोजले नाहीत.

"घड्याळ लावलंयस?"

"नाही."

मग ते बोलायला लागले. थांबत, धाप लागत, एकेक शब्द. काय म्हणाले ते इथे लिहीत नाही, ही वही सरावाची होती. साडेचारला भेटीची वेळ संपल्याची घंटा झाली. नर्स दारात येऊन उभी राहिली. मी तिला म्हटलं, यांचं बोलणं अजून व्हायचंय, आणि उठले नाही.